माझं डावं दार

मी एक जुनी व्हॅन आहे, सात जणांना घेऊन जाणारी. आता मात्र माझ्यात कोणीच बसत नाही. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी मी उभी असते. माझ्या डाव्या बाजूला दार नाही, तिथे मिस्त्रींनी निळं प्लास्टिक बांधलंय. वारा आला की ते फडफडतं, तेवढीच काय ती सोबत. मित्रांनो, माझ्याशी बोलायला कोणी येत नाही, म्हणून आज मीच बोलते. त्या दाराची गोष्ट मला कोणाला तरी सांगायचीच आहे.

कारखान्यात माझं डावं दार एका कामगार बाईंनी बसवलं. बाईंचा हात चांगला होता. पण सरकत्या दाराच्या आत एक खटका असतो, तो अडकला की दार घट्ट धरून ठेवतो. त्या खटक्याची स्प्रिंगच कच्ची आली होती. बाईंना ते कळायचं काही कारण नव्हतं. त्यांनी दार दोनदा लावून पाहिलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या गाडीकडे वळल्या.

मग मी एका घरात आले. बाबा, आई, आजोबा आणि सहा वर्षांची भिंगरी. तिचं खरं नाव दुसरंच काहीतरी होतं, पण एका जागी ती बसेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. पहिले दोन महिने माझं कोण कौतुक झालं! बाबा मला मऊ फडक्याने पुसायचे. मग नव्याचे नऊ दिवस संपले आणि मला नावं ठेवणं सुरू झालं. मागच्या बाकावर गार हवा पोचत नाही, म्हणून आजोबा कुरकुरायचे. घडीची सीट उघडताना आईचं बोट चिमटायचं. मी पेट्रोल फार पिते, असंही सगळे म्हणायचे. ते खरंच होतं, मी काय नाही म्हणणार?

पण खरी तक्रार माझी होती, आणि मला तोंड नव्हतं. खटका नीट अडकला नाही की समोरच्या काचेखाली एक छोटा लाल दिवा लागतो. तेवढीच माझी जीभ. मी तो दिवा लावायचे. बाबा खाली उतरून दार आपटायचे, परत बसायचे, तरी दिवा सुरूच.

"या दिव्याला काही कामधंदा नाही," बाबा एक दिवस म्हणाले आणि त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मला त्या दिवशी कळला. पट्टीखाली माझा दिवा जळत राहिला आणि ते माझ्याशिवाय कोणालाच दिसत नव्हतं.

थोड्या दिवसांनी मला बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. जाड, लांब पाकीट. बाबा एका कचेरीत फायलींना नंबर घालायचं काम करत. फाइल जपायची, हरवू द्यायची नाही. वाचायची मात्र साहेबांनी. घरातही त्यांची तीच रीत होती. "गाडीचे कागद गाडीत," असं म्हणून त्यांनी ते पाकीट न फोडताच माझ्या पुढच्या कप्प्यात अगदी सरळ ठेवलं. कंपनीची जाहिरात असेल, असं त्यांना वाटलं. आत काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं, कारण ते माझ्याच दुखण्याबद्दल होतं. सव्वा वर्ष ते पाकीट मी पोटात घेऊन हिंडले.

आणि मग तो बुटाचा दिवस आला. भिंगरी डाव्या दाराशी बसली होती. पाय मोकळे करायला तिने नवे बूट काढून दाराशी ठेवले होते. पुलावरच्या चढाला बाबांनी वेग वाढवला आणि माझं दार वीतभर मागे सरकलं. एक बूट बाहेर गेला. भिंगरी ओरडली, बाबांनी ब्रेक दाबला, आणि त्या धक्क्याने दार पुढे येऊन आपलं आपण बंद झालं. आईबाबांनी मागे वळून पाहिलं, मागच्या बाकावर डुलकी लागलेल्या आजोबांनी डोळे उघडले, तेव्हा दार बंद होतं आणि बूट एकच होता.

"दार उघडलंस तू?" आईने विचारलं. "चालत्या गाडीत?"

"मी नाही उघडलं. आपोआप उघडलं."

"दारं आपोआप उघडत नाहीत, बाळ," आजोबा म्हणाले.

"हात स्वस्थ बसत नाहीत ना तुझे!" बाबा म्हणाले. "वर खोटंही बोलायचं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर मी होते, मित्रांनो, आणि साक्षीदारही मीच. भिंगरी पुन्हा पुन्हा "मी नाही" म्हणाली, मग रडली. घर येईपर्यंत ती उरलेला एक बूट मांडीवर धरून बसली होती. मला इतकं एकटं आजही वाटत नाही.

त्यानंतर भिंगरी शहाणी झाली, असं सगळे म्हणू लागले. चुळबुळ नाही, बडबड नाही. ती काय करायची ते मी सांगते. गाडी सुरू झाली की ती कुशीवर वळायची आणि दाराची मूठ दोन्ही हातांनी पुढे ओढून धरायची. दार उघडलं की बोलणी आपल्यालाच बसणार, हे ती शिकली होती. शाळा असो की बाजार, ती मूठ सोडायची नाही. मूठ धरताधरता तिच्या तळव्यांना घाम यायचा. खटक्याचं काम ती एवढीशी पोर करत होती आणि आम्ही दोघी एकमेकींना काही सांगू शकत नव्हतो.

सारखं आडवं बसून तिला गाडी लागायला लागली. एका दुपारी लांबच्या रस्त्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. पिशव्या संपल्या होत्या.

"काहीतरी द्या लवकर," आजोबा मागून म्हणाले.

आईने पुढचा कप्पा उघडला, हाताला लागलं ते सगळ्यात जाड पाकीट ओढलं, टर्रकन फाडलं, आतले कागद मांडीवर टाकले आणि रिकामं पाकीट भिंगरीच्या तोंडापुढे धरलं. पोरीचं आवरल्यावर आईची नजर मांडीवर गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं होतं.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"आता काय झालं?"

"आधी थांबवा."

बाबांनी मला कडेला घेतलं. आईने मोठ्याने वाचलं. डाव्या दाराचा खटका सदोष आहे. वेग घेताना दार सरकू शकतं. गाडी विनामूल्य दुरुस्तीसाठी आणावी आणि तोपर्यंत त्या दाराशी कोणालाही बसवू नये. बाबांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मग त्यांनी नखाने ती काळी पट्टी खरवडली. माझा दिवा लालच होता.

ते खाली उतरले, डाव्या बाजूला आले आणि एका बोटाने दार ओढलं. सहज सरकलं ते. आत भिंगरी घाबरून बसली होती.

"मी नाही उघडलं," ती म्हणाली.

बाबा रस्त्यावरच उकिडवे बसले. "माहितेय. बुटाच्या वेळीही तू नव्हतंस उघडलं. तू सांगत होतीस, आम्हीच ऐकलं नाही. चुकलं माझं."

"मी धरून ठेवते ना रोज," भिंगरी म्हणाली. "आत्ता फक्त उलटीसाठी सोडलं."

आईने तिचे हात उलटे करून पाहिले. मूठ धरून धरून बोटांखाली घट्टे पडले होते. आईला रडू आवरेना. आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. परत जाताना भिंगरी आजोबांशेजारी उजव्या बाजूला झोपली. बाबा बैलगाडीच्या चालीने मला चालवत होते आणि मागचे लोक भोंगे वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी पाऊण तासात नवा खटका बसला. पुढे नऊ वर्षं ते दार कधी हललं नाही. पण आईचा माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. प्रत्येक वळणावर ती मागे पाहायची. मी तिला दोष देत नाही. भिंगरी मोठी झाली, आजोबा गेले, मी थकले आणि इथे येऊन उभी राहिले.

गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी माझं डावं दार काढलं. माझ्यासारख्याच दुसऱ्या व्हॅनला ते हवं होतं. आतल्या मुठीशी एका जागी रंग पार झिजलेला होता. मिस्त्रींनी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, पण तो डाग नव्हता, जाणार कसा? ते दार आता कुठल्या तरी मुलाशेजारी आहे. खटका पक्का आहे, मूल खुशाल टेकून झोपो.

तुमच्या घरी आमच्यासारख्या गाडीबद्दलचं पत्र आलं तर ते जपून ठेवू नका, फोडा. दिवा लागला तर पट्टी शोधू नका. आणि एखादं पोर "मी नाही उघडलं" म्हणालं, तर त्याला रागवण्याआधी खाली उतरा आणि दार एकदा ओढून बघा.