पाच काचा आणि एक मळका स्पंज

नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यात ओला स्पंज.

कुकरची शिट्टी. आत शिजण्यासारखं काहीच नाही.

"खायचा की बघायचा?"

मनीप्लांटची मुळं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी लोंबणारी.

दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई दुकानदाराला म्हणते, "मला जंतू हवेत. भरपूर."

रॉकेलचा वास.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांचे कुणीच लागत नाहीत असं तुम्हाला वाटेल. पण मीसुद्धा तुकड्यांचीच बनले आहे. मी एक जुनी काचेची पेटी आहे, मासे पाळायची. पाच काचा एकमेकींना चिकटवल्या की माझ्यासारखी पेटी होते. सहावी बाजू उघडीच राहते. माझ्या प्रत्येक काचेने वेगळं काही पाहिलंय, तेव्हा ज्या काचेची गोष्ट तिलाच सांगू द्या.

तळाची काच

मला तयार करणारा काचवाला फार बोलत नसे. पट्टी लावून तो काचेवर एक रेघ ओढायचा, कान देऊन ती रेघ ऐकायचा आणि मग खालून हलकीच टिचकी मारायचा. काच दुभंगे. पाचही काचांच्या कडा त्याने घासून बोथट केल्या, कारण पेटी धुणाऱ्याचा हात कापता कामा नये. मग सिलिकॉनने सांधे भरले. मला पाण्याने काठोकाठ भरून, खाली कोरडा कागद अंथरून तो घरी गेला. सकाळी कागद कोरडाच होता. त्याने तळावर थोपटलं. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

समोरची काच

माझी पहिली नोकरी दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत. डॉक्टरांनी हौसेला मोल ठेवलं नाही. निळे खडे, प्लास्टिकचा किल्ला, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, रंगीत दिवा, पाण्यात घालायच्या चार तऱ्हेच्या बाटल्या. आणि मासे: लाल, केशरी, पट्ट्यापट्ट्यांचे. या रंगीत मंडळींत एक करडाही होता. छातीखाली मिशांसारखे दोन लांब दोरे, ते पुढे करून तो सगळं चाचपत फिरायचा.

"काय सुंदर आहे हो!" पेशंट सुजलेल्या गालाने म्हणायचे. मी फुलून जायचे.

मला धुवायला महिन्याला एक माणूस यायचा. तो खडे धुई, किल्ला धुई, पाण्याच्या गाळणीतला स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळी, सगळं पाणी बदली. मी आरशासारखी लखलखायचे. आणि दोन-तीन दिवसांत एखादा मासा उलटा तरंगू लागायचा. मग नवीन मासा यायचा. पुन्हा धुणं, पुन्हा उलटा मासा. डॉक्टर पैसे देत राहिले. कुणी विचारलं नाही की पेटी स्वच्छ झाली की मासे का मरतात. मला विचारता येत नव्हतं. काचेतून सगळं दिसतं, पण काचेला तोंड नसतं.

मेलेले मासे काढायचं काम ताईंकडे होतं. ताई म्हणजे डॉक्टरांच्या मदतनीस. चिमटे, आरसे, सुया उकळून, वाफवून जंतुविरहित करायचं त्यांचं काम. त्यांच्या राज्यात जंतूला थारा नव्हता. मेलेला मासा जाळीत घेऊन त्या हळहळायच्या, "अजून नीट धुवायला हवं ही पेटी."

करडा तेवढा तगला. ताईंनी त्याचं नाव मिशाळ ठेवलं.

उजवी काच

या काचेचा सांधा झिरपू लागला. खालची चादर ओली झाली. डॉक्टरांनी त्या जागी टीव्ही लावायचं ठरवलं.

"पेटी भंगारात द्या," ते म्हणाले, "आणि मासा... बघा काय ते."

"बघा काय ते म्हणजे काय, डॉक्टर?"

"सिंक आहे ना समोर."

ताईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. "मी नेते."

"मासा ना? न्या की."

"दोन्ही. माशाला काय पर्समध्ये ठेवू?"

किल्ला, पाणबुड्या, बाटल्या डॉक्टरांनी कुणाला तरी विकल्या. ताईंच्या वाट्याला मी आले, कुरकुरणारा हवेचा पंप आला, खाद्याचा अर्धा डबा आला आणि त्या महिन्यात न धुतलेला, चहाच्या रंगाचा स्पंज आला. मिशाळ आला झाकणाच्या बादलीत.

घराच्या दारात ताईंचे यजमान उभे. ते पंख्यांच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारींना नव्या तारा भरतात. त्यांच्या दुकानात हल्ली कामापेक्षा माश्या जास्त, आणि त्या पाण्यातल्या नव्हेत.

"अगं, हे काय उचलून आणलंस? हत्ती?"

"मासा आहे."

"हत्ती परवडला. तो ओझी तरी वाहतो."

आतून सासरे आले, निवृत्त बस कंडक्टर. बादलीत डोकावून त्यांनी विचारलं, "खायचा की बघायचा?"

"बघायचा, बाबा."

"मग ठीक आहे. खायला फारच लहान आहे."

यजमान हसले नाहीत. "हे बघ, डॉक्टरांनी तुझे तास कमी केलेत, माझं दुकान हे असं. माशापायी घरातला एक पैसा हलता कामा नये. हलला, किंवा हा मेला, तर पेटी मी दुकानात नेणार. पार्ट रॉकेलमध्ये बुडवून ठेवायला बरी आहे."

मित्रांनो, त्यांच्या हातांना रॉकेलचाच वास येत होता. माझ्या पाचही काचा गारठल्या.

"कबूल," ताई म्हणाल्या. "एक पैसा नाही. आणि मरणारही नाही."

मागची काच

इथून भिंत दिसते, पण घर ऐकू येतं.

माझा गळका सांधा ताईंनी पात्याने खरवडला. खिडक्या बसवणाऱ्या शेजाऱ्याकडच्या उरलेल्या नळीतून नवं सिलिकॉन भरलं आणि घाई न करता पूर्ण सुकू दिलं. निळ्या खड्यांऐवजी बांधकामावरची मूठ-मूठ वाळू आली, चाळून, पाणी नितळ होईपर्यंत धुऊन. दिव्याऐवजी खिडकी आली, तीही उन्हाची नव्हे, नुसत्या उजेडाची; ऊन थेट पडलं तर मी हिरवीगार झाले असते. खिडकीतल्या मनीप्लांटच्या फांद्या माझ्या काठावरून आत सोडल्या. माशाची घाण हे त्या मुळांचं खत. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच माझ्यात यायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. मिशाळ उडी मारतो म्हणून वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. खाद्य चिमटीएवढं, कधी उकडलेला मटारचा दाणा कुस्करून.

"माझ्यापेक्षा याचं पथ्य बरं सांभाळते ही," सासरे म्हणायचे. पण दुपारभर माझ्यासमोर खुर्ची टाकून तेच बसायचे. "मिशाळराव, पुढे सरका, पुढे जागा आहे!" असं ते ओरडले की मिशाळ खरंच पुढच्या काचेशी यायचा. त्याला खाद्य दिसायचं, सासऱ्यांना प्रवासी.

एक पैसाही हलला नव्हता. मी दवाखान्यात होते त्याहून साधी दिसत होते, आणि माझ्यात कुणी मरत नव्हतं.

डावी काच

ही काच स्वयंपाकघराकडे. हिच्यातून मी ते होताना पाहिलं.

सुटीचा दिवस होता. ताईंनी स्पंज बाहेर काढला. तो आता गडद तपकिरी, बुळबुळीत झाला होता. त्यांच्या चेहऱ्यावर आलेला भाव मी दवाखान्यात पाहिला होता. न उकळलेला चिमटा ट्रेमध्ये सापडला की यायचा तोच.

"शी! यातून पाणी जातं होय बिचाऱ्याचं?"

दुसऱ्या कुणी स्पंज नळाखाली धरला असता. ताईंनी तो कुकरमध्ये ठेवला. शिट्टी झाली. स्पंज वाफाळत, पांढराशुभ्र बाहेर आला. मग माझी वाळू उकळत्या पाण्याने धुतली, काचा घासल्या, पाणी नवं भरलं. मी पुन्हा आरशासारखी लखलखत होते.

आणि मला भीती वाटली. हे लखलखणं माझ्या ओळखीचं होतं.

दोन दिवसांनी पाणी दुधासारखं झालं. मिशाळ तळाशी बसला, पंख अंगाशी आवळून, कल्ले लालबुंद. सासऱ्यांनी हाक मारली. तो पुढे सरकला नाही.

यजमानांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "परवा मला पार्ट बुडवायचे आहेत."

ताई उठल्या. मनीप्लांटच्या चार फांद्या कापून त्यांनी कागदात गुंडाळल्या. हाताला लागला तो डबा पिशवीत टाकला आणि शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानाकडे निघाल्या.

तिथे जे झालं ते मी पाहिलेलं नाही. परत आल्यावर त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, तेच सांगते.

दुकानदाराने एक बाटली पुढे ठेवली. "ही ओता. बरा होईल."

किंमत ऐकून ताई म्हणाल्या, "एवढ्यात दहा मासे येतील!"

"मग दहा मासे घ्या," दुकानदार म्हणाला.

"मला दहा नकोत. हाच हवाय. काय आहे यात?"

"जंतू."

"काय?"

"चांगले जंतू हो, ताई. माशाच्या घाणीतलं विष तेच संपवतात. स्पंजात राहतात, वाळूत राहतात. तुम्ही स्पंज धुतलात का?"

"उकळला," ताई म्हणाल्या. "कुकरमध्ये."

दुकानदार हातातली जाळी विसरला. "म्हणजे शिजवलीत की अख्खी वस्ती!"

ताईंच्या डोळ्यांसमोर दवाखाना उभा राहिला. दर महिन्याचं धुणं, दर महिन्याचा उलटा मासा. रडायला वेळ नव्हता.

"तुमच्या टाक्यांत रोज अशी बाटली ओतता का?"

"छे! दिवाळं निघेल. आमच्यात आपोआप होतात."

"मग ते आपोआप झालेलेच द्या. तुमच्या स्पंजाचा एक तुकडा, मळका. मला जंतू हवेत. भरपूर." मग लगेच, "आणि ज्या टाकीत कुणी आजारी नाही, नवा मासा आलेला नाही, त्याच टाकीतला. रोगाचे जंतू मला घरी नकोत. चिमटा बदलून काढा."

दुकानदार हसत सुटला. "घाण मागायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक! आणि तीही निवडून!" त्याने मोबदला म्हणून मनीप्लांटच्या फांद्या घेतल्या, कोपऱ्यातल्या जुन्या टाकीतला स्पंजाचा काळपट तुकडा कापला आणि ताईंनी पुढे केलेल्या डब्यात टाकीच्याच पाण्यासकट ठेवला.

डबा यजमानांचा होता.

सहावी बाजू, जिला काच नाही

इथून फक्त हात येतात.

त्या संध्याकाळी ताईंचा हात आला. साबण न लावता, नुसत्या पाण्याने धुतलेला. जन्मभर जंतूंशी वैर केलेल्या बाईला ते किती जड गेलं असेल! तो काळपट तुकडा त्यांनी पांढऱ्या स्पंजाला चिकटवून बसवला, जशी नवी बिऱ्हाडं जुन्या शेजाऱ्याला लागून राहावीत.

मग रोज संध्याकाळी तसंच. माझ्यातलं थोडं पाणी काढायचं, बादलीतलं ठेवणीतलं थोडं घालायचं. काढलेलं पाणी कुंड्यांना. मिशाळला मोजके दिवस उपास, म्हणजे घाण कमी. ते सगळ्यात जड गेलं सासऱ्यांना. खिशात मटारचा दाणा घेऊन ते माझ्याभोवती घुटमळायचे.

"बाबा, खिसा."

"रिकामा आहे."

"दाखवा."

ताई कामावरून दमून यायच्या, चप्पल काढायच्या आणि आधी बादली उचलायच्या. एक दिवस त्यांचा हात दुखत होता, तरी उचलली. पार्ट बुडवायचा 'परवा' येऊन गेला. यजमान माझ्याकडे पाहायचे, बादली उचलणाऱ्या ताईंकडे पाहायचे आणि दुकानात जायचे.

पाणी हळूहळू निवळलं. मग एका सकाळी सासरे उगाच, सवयीने म्हणाले, "पुढे सरका, पुढे जागा आहे," आणि तळातून एक करडी सावली उठली. दोन मिशा पुढे आल्या. माझ्या समोरच्या काचेला लागल्या.

खिशातून मटारचा दाणा काढून सासऱ्यांनी ताईंच्या हातात ठेवला.

त्याच दिवशी यजमानांना डब्याची कथा कळली. "माझ्या डब्यात? त्याच डब्यातून मी जेवतोय?"

"उकळलाय तो," ताई म्हणाल्या. "डबा उकळायचाच असतो."

रात्री जेवणं झाल्यावर यजमानांनी माझा कुरकुरणारा पंप खोलला. आतला रबराचा पडदा चिरला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून त्यांनी तेवढाच गोल कापून बसवला. पंप गुणगुणू लागला.

"घरचंच रबर आहे," ते कुणाकडे न बघता म्हणाले. "पैसा हललेला नाही."

मित्रांनो, आज माझ्या काचांवर ओरखडे आहेत, कडेला हिरवट झाक आहे, माझ्यात ना किल्ला ना पाणबुड्या. माझ्यासमोर उभं राहून "काय सुंदर!" असं आता कुणी म्हणत नाही. पण माझ्यात एक मासा म्हातारा होतोय, आणि माझ्यासारख्या पेटीला याहून मोठी शाबासकी नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावर पैसा उधळू नका, वेळ द्या. मासे थोडे ठेवा, खाद्य त्याहून थोडं. तिचा स्पंज तिच्याच पाण्यात हलका पिळा, आणि मळकाच राहू द्या. पैसा वाचवायचा म्हणून जीव वाचवायचं टाळू नका. ताईंनी दोन्ही वाचवले, आणि त्यासाठी रोज बादली उचलली.

दवाखान्यात पहिल्या दिवशी मासे विकणाऱ्याने सगळे मासे मोजून, तेवढ्यांचेच पैसे घेऊन माझ्यात सोडले, तेव्हा मिशाळ त्या मोजणीत नव्हता. तो जाळीच्या घडीत अडकून चुकून आला होता. त्याच्यापायी तेव्हाही एक पैसा हलला नव्हता.