सोफ्याची मागची बाजू

आत्याच्या दुकानात सोफे उघडेनागडे पडलेले असत. कुणाच्या स्प्रिंगा बाहेर, कुणाचा फोम उपसलेला, कुणाचा नुसता लाकडी सांगाडा. गिऱ्हाईक आपला सोफा त्या अवस्थेत बघून हबकलं की आत्या म्हणायची, "घरी जा. झाला की बोलावते. पोट फाडलेलं असताना भेटायला यायचं नसतं." असा तिचा खाक्या. कामाला वाघ, जिभेला धार, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर दिवसभर काय लावलेलं, तर व्हिडिओ गेमचे सामने.

लोकांना गंमत वाटायची. साठी उलटलेली बाई, ओठांत दोन बारीक खिळे धरलेले, आणि त्यातूनच पडद्याला दम देतेय, "मागे बघ, मेल्या, मागे." जग जे सामने बघतं ते सगळे तिने चाखून पाहिले होते. एकात पाच-पाच जण एकमेकांचे बुरूज पाडत बसतात. त्यातल्या रंगांनी तिचं डोकं उठायचं. एकात मोटारी फुटबॉल खेळतात, तो तिला मनापासून आवडायचा. एकात शंभर जण आकाशातून उड्या टाकतात आणि शेवटी एकटाच उरतो. "इतक्यांना मारून एकट्याने करायचंय काय?" असं म्हणून तिने तो बंद केला. तिचा खेळ बाँबचा. पाच जण बाँब लावणार, पाच जण तो निकामी करणार, आणि सगळी धावपळ एका ओसाड गावात. तोच का, तर त्या खेळाचा कॅमेरा भिंगरीच्या हातात असे.

भिंगरी म्हणजे तिची भाची. भाऊ जहाजावर, वहिनी लवकर गेली, तेव्हा पोर आत्याकडे आली आणि या सांगाड्यांमधून गरगर फिरत मोठी झाली. खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. आता ती दूरच्या शहरात, एका अंधाऱ्या खोलीत बसून सामने दाखवायची. खेळणारे दहा, दहा दिशांना पांगलेले. बघणाऱ्याला मात्र एका वेळी एकच जागा दिसते. ती कुठली, हे दर क्षणी कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारी भिंगरी. तिचं नाव कुठे येत नाही, तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. तिने नीट दाखवलं तर कॅमेरा म्हणून काही आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

त्या ओसाड गावातल्या एका घरात एक हिरवा सोफा होता. तो पहिल्यापासून आत्याच्या डोळ्यांत खुपायचा. "कापड कसं ओढलंय बघ, कोपऱ्यांना चुण्या. आणि मागून कधी दाखवत नाहीत. समोरून सगळेच साजरे. मागून बघितल्याशिवाय कारागीर कळत नाही."

"आत्या, तो खोटा आहे," भिंगरी फोनवर हसायची.

"खोटा असला तरी कुणीतरी केलाच ना?"

आणि नेमका त्याच सोफ्यापाशी घात झाला. उपांत्य सामना, निर्णायक फेरी. पिवळ्यांचे दोघेच उरलेले, समोर निळे तिघे. पिवळ्यांतला एक नवखा त्या सोफ्यामागे अंग चोरून बसला होता, आणि भिंगरीने कॅमेरा त्याच्यावर धरला. धरला तो धरलाच. तेवढ्यात मागच्या गल्लीत त्याच्या जोडीदाराने डोळ्याचं पातं लवायच्या आत तिघांनाही लोळवलं. वर्षानुवर्षं लोक ज्याच्या गोष्टी सांगतील असा पराक्रम, आणि घरोघरच्या लाखो लोकांना दिसला हिरवा सोफा. मागाहून तो पराक्रम पुन्हा दाखवला, पण ते वरातीमागून घोडं.

लोकांनी तिची सालटी काढली. पडद्याच्या कडेला बघ्यांची जी शेरेबाजी धावत असते ती आत्याने चष्मा लावून वाचली, आणि शेरे मारणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण रात्रीचं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी दारात उभी, खांद्याला बॅग. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा बाक दुरुस्तीला आला होता, त्याच्या उघड्या फोमवर बसली.

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग बोल की काहीतरी."

"चुकलंच तुझं," आत्या म्हणाली. "घडत होतं एकीकडे, तू भलतीकडे."

भिंगरीने मान हलवली. कामावर सगळे 'होतं असं, चालायचंच' म्हणत होते. त्यापेक्षा हे बरं वाटलं. "तो इतका घाबरला होता ना आत्या. नुसतं इकडून तिकडे बघत होता. त्याला सोडून जावंसंच वाटेना."

लहानपणी ही पोर दुकान बंद करताना उघड्या सोफ्यांवर चादरी टाकायची, त्यांना थंडी वाजेल म्हणून. ते आत्याला आठवलं.

"परवा अंतिम सामना. आमच्या कामावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या, कॅमेऱ्यावर बसायचं की नाही तूच ठरव. लंबू तयार आहे." लंबू म्हणजे तिचा जोडीदार, दोघं सामने वाटून घेत. "बसू दे त्यालाच. मी सोडते हे काम. तिथे मी आहे की लंबू आहे, कुणाला काय कळतंय?"

"मला कळतं," आत्या म्हणाली.

"काय?"

"तू कधी असतेस ते."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"उगाच कशाला? त्या लंबूचं काय आहे, माणूस पडला रे पडला की टुणकन दुसऱ्यावर. तू पडलेल्यापाशी जरा थांबतेस. त्याचे डोळे मिटून दिल्यासारखी. मग पुढे जातेस."

भिंगरी बघतच राहिली. "असं कुणी मला सांगितलं नाही कधी."

"सांगायचं काय त्यात. रविवारचे दोन्ही सामने तुझे. बुधवारचा पहिला त्याचा, दुसरा तुझा."

"दुसराही त्याचाच."

"शक्य नाही."

"अगं त्याचाच. मला ताप होता."

"मग त्या दिवशी तो तुझ्यासारखा वागत होता," आत्या म्हणाली. पडेल पण हरणार नाही, ही तिची जुनी खोड. भिंगरीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडली. आत्याने हातातली कात्री ठेवली आणि तिच्या शेजारी बसली.

"हे बघ. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. कोण जिंकलं ते मी बघतच नाही. दिवसभर तू जिकडे बघतेस तिकडे मी बघते. शेजारी बसल्यासारखं वाटतं गं. तू सोडलंस तर मी काय बघू?" बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. "ते जाऊ दे. माझ्यासाठी बसू नकोस. तुला वाटलं तर बस."

सकाळी भिंगरी निघाली. "ठरलं?" आत्याने विचारलं. "बघते," म्हणाली. सामन्याच्या दिवशी त्यांचे फोन आधीच काढून घेतात, त्यामुळे पुढे विचारायची सोयच नव्हती.

अंतिम सामना संध्याकाळचा. नेमक्या तेव्हाच डॉक्टरीणबाई बाक न्यायला आल्या. "बसा," आत्या म्हणाली. "आत्ता मला वेळ नाही." आपल्याच बाकावर बाई निमूट बसल्या.

पहिल्या फेरीत पिवळ्यांचा एक पडला. कॅमेरा टुणकन दुसरीकडे. पुन्हा एक पडला, पुन्हा तेच. आत्याचा चेहरा उतरला. "लंबूच आहे," ती म्हणाली.

"कोण लंबू?" बाईंनी विचारलं. आत्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मग बाईही पुढे सरकून बसल्या. फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या. कॅमेरा अचूक होता, कुठे काही निसटत नव्हतं, पण पडलेल्यापाशी तो एकदाही थांबला नाही. आत्याने रिमोट उचलला. मग खाली ठेवला. काम कुणाचं का असेना, अर्ध्यातून उठणं बरं नव्हे.

तेवढ्यात एका खेळाडूचा हेडफोन बिघडला आणि सामना थांबवला. सगळे जागच्या जागी उभे. अशा वेळी बघणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून कॅमेरा गावातून जरा फिरवून आणतात. तो गल्लीतून निघाला, विहिरीला वळसा घातला, त्या घराच्या खिडकीतून आत शिरला आणि हिरव्या सोफ्यासमोर जाऊन उभा राहिला.

आत्या उठली.

कॅमेरा सावकाश खाली आला. चुण्या पडलेला कोपरा दाखवला. मग भिंतीच्या कडेकडेने सरकत मागे गेला. मागे काहीच नव्हतं. शिवण नाही, खिळा नाही, नुसता सपाट हिरवा रंग फासलेला. "आज सोफ्याची पाहणी चाललीय वाटतं," समालोचक हसून म्हणाला.

"बघा, मी म्हणत नव्हते?" आत्या म्हणाली. "मागून केलेलाच नाही मेल्यांनी." तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचं भानही तिला नव्हतं.

"तीच आहे का हो?" बाईंनी हळूच विचारलं.

"तीच. भ्यायलीय, म्हणून मघापासून पळत सुटलीय नुसती." आत्या पडद्याच्या अगदी जवळ गेली, पूर्वी ताप आलेल्या पोरीच्या उशाशी जायची तशी. "अगं, मी आहे इथे. दमाने घे."

हेडफोन बदलला, सामना सुरू झाला. पिवळ्यांचा तो नवखा दारातून धावत बाहेर आला आणि गोळी लागून पायरीवर पडला. कॅमेरा त्याच्यापाशी थांबला. एकच श्वास, जास्त नाही. मग पुढे गेला.

आत्याने स्टूल ओढून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसली.