काच ती काच

“काका, डोळे मिटून फोन उचलून दाखवता?”

भिंगरीने विचारलं खरं, पण काउंटरची कड दोन्ही हातांनी गच्च धरून. मागे दारापाशी तिच्या मैत्रिणी लंबू आणि गोटी एकमेकींच्या तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. पैज त्या दोघींचीच होती: दुकानात शिरल्या शिरल्या, आई-बाबांच्या देखत हे विचारायचं.

“भिंगरे, काय हे!” आई पुटपुटली.

“विचारू द्या हो वहिनी,” मोबाइलवाले काका म्हणाले. “हे घ्या, मिटले डोळे. लावा फोन.”

लंबूने पाटीवरचा नंबर लावला. रिंग वाजू लागली. काचेवर बोट इकडून तिकडे घसरल्याचा बारीक आवाज भिंगरीला ऐकू आला. मग रिंग थांबली.

“उचलला!”

“कापलात, काका,” गोटी म्हणाली.

सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत.

“बघ, डोळे असलेल्या माणसाची ही गत. तुला जन्मापासून दिसत नाही, गुळगुळीत काचेवर तुझ्या बोटाला लागणार काय? काच ती काच. आपला बटणांचाच घेऊ.”

भिंगरीने ओठ चावला. जुन्या फोनचं गाणी लावायचं बटण आत गेलं होतं, म्हणून तर सगळे इथे आले होते. पुन्हा बटणांचाच घेतला, की पुन्हा तेच. तो रस्ता सांगत नाही, आणि रस्ता न सांगणाऱ्या फोनच्या भरवशावर बाबा शाळेच्या वाटेवर तिचा हात सोडणार नव्हते. गोटीच्या फोनवर मधल्या सुट्टीत गिरवलेलं सगळं फुकट.

“तिचा नंतर बघा. आधी माझा हा बघा,” बाबांनी खिशातून फोन काढला. “कालपासून बिघडलाय. बोट लावलं की बडबडतो, उघडत काहीच नाही. साहेबांचा फोनसुद्धा उचलता आला नाही.”

“घड्याळ,” फोन खणखणीत आवाजात म्हणाला. “कॅमेरा. कॅमेरा. कॅमेरा.”

काकांनी बराच वेळ काच टोकरली. “भूतच शिरलंय की! सगळं पुसावं लागेल बहुतेक. फोटोबिटो जातील.”

“पुसू नका!” भिंगरी एवढ्या जोरात ओरडली की काकांच्या हातून फोन निसटता निसटता वाचला. “पेशंट ठणठणीत आहे. द्या इकडे.”

तिने फोन तळहातावर घेतला आणि एक बोट हलकेच काचेवरून सरकवलं.

“संदेश. हवामान. गाणी.”

“तो बडबडत नाहीये, बाबा. बोटाखाली काय आहे ते वाचून दाखवतोय. नुसतं ऐकायचं. हवं ते आलं, की दोनदा टकटक.”

टक टक. बासरीने दुकान भरून गेलं. तिने गाणं पुढे ढकललं, मागे आणलं, आवाज वाढवला. लंबूने शिट्टी मारली.

“अरेच्चा,” काका म्हणाले. “आणि हे असं आपोआप चालू होतं?”

“छे! खूप आत लपलेलं असतं. गोटीच्या फोनवर शोधताना आमची अख्खी मधली सुट्टी...”

भिंगरी थांबली. बोट काचेवर तसंच राहिलं. बाबांनी घसा खाकरला.

“तरीच,” आई हळूच म्हणाली. “तरीच काल सकाळी स्वयंपाकघरात डोळ्यांवर टॉवेल बांधून बसला होतात. मी म्हटलं, डोकं दुखतंय.”

“दुखतच होतं,” बाबा म्हणाले. “तासभर कॅमेरा, कॅमेरा ऐकून.”

आई खुदकन हसली. बासरी वाजतच होती.

“मग बंद करून देतेस का गं ते वाचणं?” काकांनी विचारलं.

भिंगरीने चाचपडत बाबांचा हात शोधला. त्यात तिने त्यांचा फोन ठेवला आणि वरून त्यांची बोटं मिटवली.

“बंद करायचं नाही,” ती म्हणाली. “आई, बाबा, माझं ठरलंय. मी काचेचाच फोन घेणार. आणि सोमवारपासून लंबू-गोटीबरोबर शाळेत चालत जाणार. सोडायला कुणी यायचं नाही. पोचले, की बाबांना फोन करीन. आणि तो बाबांनी डोळे मिटून उचलायचा.”