न विकलेली भुकटी

गावच्या अंगणवाडीसेविका कस्तुराबाईंच्या निवृत्तीच्या सत्काराला आदिनाथला यायचंच नव्हतं. रविवारी लातुरात त्याचा शिकवणीचा वर्ग असे, दोनशे मुलांचा. जीवशास्त्र शिकवताना फळ्याची वरची हातभर जागा तेवढी कोरी राही, कारण सरांची उंची चार फूट आठ इंच. पण नागुबाई, त्याची आई, म्हणाली, "ते कागद घे अन् चल." कागद म्हणजे मुंबईहून आठ दिवसांपूर्वी आलेला त्याच्या रक्ताच्या तपासणीचा अहवाल.

गळ्यात हार, मांडीवर शाल, अशा थाटात कस्तुराबाई माईकवर बोलत होत्या.

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात आम्ही लेकरांना दुधाची भुकटी वाटायचो. दर महिन्याला उंची मोजायचो. एक लेकरू काही केल्या वाढंना. दुप्पट भुकटी दिली, तरी तेच! मग मी ताडलं, आई डबे बाजारात विकायली. नाव घेत नाही मी. पण रांगेतल्या सगळ्यांदेखत तिचं नाव वहीतून काटलं."

टाळ्या पडल्या. नाव घ्यायची गरजच नव्हती. अर्धा मांडव मान वळवून आदिनाथकडे बघत होता.

पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. लग्नाकार्यात नागुबाईच्या हाती दुधाचं पातेलं कुणी देत नसे. "तिला नको गं, रस्त्यातच गिऱ्हाईक भेटंल," असं बाया हसत म्हणत. आणि ती बिचारी शेडातल्या त्या दिवसांत स्वतः काळा चहा पिऊन भुकटीचा कण न् कण आदिनाथच्या वाटीत घालत होती.

नागुबाई उठली आणि तडक मंचावर चढली.

"नागुबाई, सत्काराचा कार्यक्रम हाय," सरपंच श्रीमंतराव म्हणाले. "जेवणं थंड व्हायलीत."

"होऊ द्या. माझं लेकरू बोलंल आता."

आदिनाथ मंचावर गेला आणि त्यानं अहवालाचे कागद उलगडले. तो बोलू लागला. "लहानपणी हाडं वाढवणारा एक पदार्थ यकृतातून रक्तात येतो. उपाशी लेकरात तो कमी पडतो. माझ्या रक्तात तो इतरांच्या दुपटीहून जास्त आहे."

"मग सर, तुम्ही ताडाएवढे पायजे होता!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"आडतीत धान्याची शंभर पोती आली, पण सगळ्यांची तोंडं शिवलेली. तर मापात काय पडंल?" आदिनाथ न हसता म्हणाला. "तो पदार्थ एका प्रथिनाला बांधलेला असतो. ते प्रथिन कापून त्याला मोकळं करणारं एक विकर असतं. माझ्या अंगात ते विकर जन्मापासून तयारच होत नाही. आईनं चौपट भुकटी पाजली असती, तरी माझी उंची एवढीच राहिली असती."

कस्तुराबाईंनी शाल सारखी केली. "जन्मापासून म्हणजे, खोट आईबापाकडूनच आली की."

"आली आसंल," नागुबाई म्हणाली. "रक्तातनं आलेलं माझ्या हातात नव्हतं. चोरी करणं हातात होतं, अन् ती म्या केली न्हाई. तेवढं बोला."

"मला काय ठाऊक, बाई? तेव्हा डॉक्टरलाबी ठाऊक नव्हतं हे."

ते खरंच होतं. समोरच्याचं खरं असलं की लगेच मान डोलवायची, ही आदिनाथची जन्माची खोड. मान हललीही होती. मग त्याला स्वतःचीच चीड आली.

"ठाऊक नव्हतं, तर ठाऊक नाही असं लिहायचं होतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "तुम्ही चोर लिहिलंत. दर सभेत तेच सांगून टाळ्या घेतल्यात. कुणी डबा विकताना बघितलं होतं तिला? दुकानदाराला तरी विचारलं होतं?"

"बघितलं नव्हतं," कस्तुराबाई पुटपुटल्या. "चूक झाली आसंल."

"आसंल?" नागुबाईनं विचारलं.

"झाली. नागुबाईनं भुकटी विकली नव्हती."

श्रीमंतरावांनी मघाच माईक बंद करून टाकला होता. नागुबाईनं तो स्वतःच्या हातानं चालू केला आणि कस्तुराबाईंच्या तोंडापुढं धरला.

"मागल्यांना ऐकू गेलं न्हाई," ती म्हणाली. "पुन्हा बोला."