चार सुलटे, एक उलटा

मित्रांनो, जुन्या कॉम्प्युटरचं कौतुक सगळे करतात, पण त्याच्या पोटातल्या कपॅसिटरला कोण विचारतो? म्हणून आज मीच बोलतो. मी एक जुना कपॅसिटर आहे. करंगळीच्या पेराएवढा डबा, खाली दोन पाय आणि ऋण पाय कुठला ते दाखवणारा अंगावरचा एक पांढरा पट्टा. आलेली वीज क्षणभर साठवायची आणि एकसारखी पुढे सोडायची, एवढंच माझं काम.

कारखान्यात आम्हा सात भावंडांना सर्किटच्या एका हिरव्या पाटीवर ओळीने बसवलं. सहा जणांचे पट्टे डावीकडे, माझा एकट्याचा उजवीकडे. बसवणाऱ्या ताईंनी मला मुद्दामच तसं बसवलं होतं, पण भावंडांनी चिडवून चिडवून जीव नकोसा केला.

पुढे आमचा कॉम्प्युटर विणकाम शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी गेला. वीस वर्षं त्यांनी त्यावर स्वेटरचे नमुने एकेक टाका मोजून काढले. शाबासकी सगळी पडद्याला मिळायची. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग नवा कॉम्प्युटर आला आणि आमची रवानगी कपाटात झाली. बारा वर्षं नुसतं बसून माझ्या पोटातलं रसायन गळू लागलं आणि खालचं तांबं खाऊ लागलं. ही करणी माझीच, मित्रांनो.

इकडे बाईंचा हात थरथरू लागला. नवे नमुने काढणं जमेना, आणि जुने ज्या फ्लॉप्यांवर होते त्या आमच्याशिवाय कुणालाच वाचता येईनात. शेवटी त्या आम्हाला दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन आल्या.

“चालू करून नाही ना पाहिलंत?” काकांनी आधी विचारलं.

“नाही हो. धीरच झाला नाही.”

“फार बरं केलंत.”

एरवी काका एक काढून एक लावतात. पण माझ्या गळतीमुळे पाटी धुवायची होती, म्हणून शेजारी बसून निरखणाऱ्या बाईंसमोर त्यांनी सातही जण काढले. मग पाटीवर छापलेल्या खुणा पाहून नवे लावू लागले. पाचव्याची पाळी आली आणि माझा जीव खालीवर झाला. माझ्या जागेची छापील खूणच चुकीची होती! नवा उलटा लागला असता, तर वीज येताच फुटला असता आणि इतरांनाही घेऊन बुडाला असता. मी टेबलावरून ओरडत होतो, पण ऐकणार कोण?

“थांबा,” बाई म्हणाल्या. “चार सुलटे, एक उलटा, दोन सुलटे, अशी ओळ होती.”

“तुमच्या कसं लक्षात राहिलं?”

“चाळीस वर्षं दुसरं काय मोजतेय मी?”

काकांनी मीटर लावून पाहिला आणि कपाळावर हात मारला. “छपाईच चुकलीय की! बाई, वाचवलंत.”

कॉम्प्युटर चालू झाला. पहिला नमुना उघडला. बाईंनी तो टाका टाका वाचला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “ही बाही जरा लांबच झालीय.” काका पोट धरून हसले.

मित्रांनो, जुनं यंत्र सापडलं की घाईने बटण दाबू नका. आधी ते जाणकाराकडून उघडून घ्या. आमच्यापैकी कुणी गळत असेल, तर खुशाल काढून टाका, आम्हाला राग येत नाही. मला काढलं, म्हणून बाईंची वीस वर्षं वाचली. एवढा आनंद मला कामावर असतानाही कधी झाला नव्हता.