उजव्या पायाचा नाल

शामिरबेकच्या अंगणात त्या दुपारी निम्मं गाव जमलं होतं आणि उरलेलं निम्मं कुंपणावर चढलं होतं. तबेल्याचं दार बंद होतं. आत शामिरबेकचा घोडा तोरू आणि पीडा उतरवणारे ओसोरबुवा, असे दोघेच. फटींतून धूर येत होता आणि मधूनच ठकठक.

"पीडेवर चाबकाची मूठ आपटतायत," एका म्हातारीने जाणकारपणे सांगितलं.

शामिरबेक नेहमीसारखा दुखरा डावा गुडघा सांभाळत दाराशी उभा होता. तोरूच्या डाव्या पुढच्या पायाची नस दुखावून एकोणीस दिवस झाले होते. जनावरांच्या डॉक्टर बुरुलने चाळीस दिवसांची शिस्त घालून दिली होती: जव बंद, जाळीत भरलेलं गवत, सोबतीला शेजारी म्हातारी घोडी आणि दोन वेळा दहा-दहा मिनिटं हाताने धरून चालवणं. पळायचं नाव काढायचं नाही. पण हे तोरूला कोण सांगणार? त्याने दोन फळ्या फोडल्या, तीन दोर तोडले, आणि फिरायला निघाला की तोच शामिरबेकला फिरवून आणायचा. शामिरबेक अगदी मेटाकुटीला आला होता. त्यात रविवारी शर्यत. म्हणून ओसोरबुवा "एका मेंढ्यात काम होईल" म्हणाले, तेव्हा त्याने मेंढा निवडूनही टाकला.

दार उघडलं. तोरू बाहेर आला आणि त्याने अंगणाला एक फेरी मारली. गाव घोड्यांवर वाढलेलं. लंगडणं ओळखायला तिथे सगळे मान बघतात. दुखरा पाय टेकला की मान उसळते. तोरूची मान जागची हलली नाही. उड्या नाहीत, हिसके नाहीत. शामिरबेकच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आगीचा जिन होता," बुवा कपाळ पुसत म्हणाले. "आधी समजावलं. ऐकेना. मग त्याच्या आजीचं नाव घेतलं, तेव्हा लाजून निघाला. रविवारी खुशाल पळवा. पहिला आला नाही तर मेंढा परत."

"पण मेंढा तर आज संध्याकाळीच कापायचाय ना?" शामिरबेकच्या बायकोने विचारलं.

"परत देण्याची भावना महत्त्वाची, वहिनी."

तेवढ्यात बुरुल आली. तिने मान बघितलीच नाही. तिने खूर बघितले.

"शामिरबेक आका, हा दोन्ही पायांनी आखूड, चोरटी पावलं टाकतोय. उजव्याला नाल कधी ठोकला?"

"वसंतात."

"मग खिळे आजचे कसे चमकतायत?"

तिने उजवा पाय उचलला, पक्कडीने नाल काढला. आतून घेवड्याच्या दाण्याएवढा खडा पडला. तोरूने पाय झटकला, दोन पावलं टाकली आणि डाव्यावर साफ लंगडला. मान उसळली.

"दोन्ही पाय दुखायला लागले, तर लंगडायचं कुठल्या पायावर?" बुरुल म्हणाली. "आणि उड्या तरी कुठल्या मारायच्या? रविवारी पळाला असता तर नस तुटली असती, आका. मग हिवाळ्यात याचं मांस कढईतच गेलं असतं."

"तोच तो खडा," बुवा शांतपणे म्हणाले. "पीडा मी त्यातच उतरवली होती. हिने मोकळी केली."

कुंपणावरच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. पण आईवेगळ्या तोरूला शामिरबेकने हाताने दूध पाजलं होतं. त्याने खडा उचलला, आपल्या उजव्या बुटात टाकला आणि विहिरीपर्यंत चालत गेला.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही लंगडत नाही आहात."

"मग माझाही जिन गेला म्हणायचा," तो ओरडला. "फक्त आता दोन्ही पाय दुखतायत." त्याने बूट काढून झटकला आणि सवयीप्रमाणे लंगडत परत आला. "बुवा, मेंढा इथेच राहील. तुम्ही निघा."

पुढचे एकवीस दिवस त्या वाटेवर दोन लंगडे दिसायचे, एक दोर धरलेला आणि एक दोर ओढणारा. शेवटच्या आठवड्यात त्यातला एकच लंगडत होता.

गावाला घोड्यांतलं सगळं कळत होतं, म्हणूनच ते फसलं. कुठे बघायचं हे गावाने आधीच ठरवलं होतं. चमत्कार दिसला की हात जोडायला वेळ पुष्कळ असतो. आधी पाय उचलून खूर बघावा.