झुंबरबाईंचं तिसऱ्या प्रकारचं वाक्य

सावद्याच्या नव्या इंग्रजी शाळेत ऋतिकाचा उद्या डेमो तास होता. तास जमला की जूनपासून नोकरी. विषय मिळाला होता इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांचा. पुस्तकातली उदाहरणं सगळी बर्फाची. आपल्या पोरांनी बर्फ बघितला तो गोळ्याच्या गाडीवर! म्हणून तिने घरचंच उदाहरण घेतलं आणि दारापुढच्या ओट्यावर उभं राहून खणखणीत म्हटलं, "इफ द स्टॉर्म कम्स, द बनानाज विल फॉल."

सासूबाई, म्हणजे झुंबरबाई, शेजारीच शेंगा फोडत होत्या. "काय म्हनते रे ती?" त्यांनी लेकाला विचारलं. इंग्रजीत तीनदा गटांगळ्या खाल्लेल्या तेजसला नेमकं हेच वाक्य कळावं!

"वादळ आलं तं केयी पडतीन," तो ऐटीत म्हणाला.

झालं! मे महिना, घरच्या केळीच्या बागेत घड लटकलेले, कापणी आठवड्यावर. अशा दिवसांत या घरात वादळाचं नावसुद्धा काढत नसत. झुंबरबाईंनी मीठ-मिरच्या आणल्या आणि सुनेवरून नव्हे, व्याकरणाच्या पुस्तकावरून सात वेळा ओवाळल्या. चुलीत टाकल्या तसा अख्ख्या घराला ठसका लागला.

"घड उतरल्याबिगर तू कुठी जायाचं नाही!"

ऋतिकाला रडूच फुटलं. शाळा काय तिच्यासाठी आठवडाभर थांबणार होती? डोळे पुसत ती म्हणाली, "आई, सगळी वाक्यं वाईट नसतात हो. जर-तरचा तिसरा प्रकार होऊन गेलेल्या गोष्टीचा असतो. आता काही बदलत नाही, नुसतं म्हणायचं, की असं झालं असतं तर तसं झालं असतं."

"त्यानं घडाले काही होत नाही ना?"

"काही नाही."

झुंबरबाईंनी दोन शेंगा फोडल्या. "मंग लिही. मले सातवीतून काढलं नसतं, तं मीबी मास्तरीन झाली असती."

तेजस हसायला गेला आणि आईजवळ शेंगा फोडायला बसला. ऋतिकाने ते वाक्य इंग्रजीत करून वाचलं. झुंबरबाईंनी ते आणखी दोनदा वाचायला लावलं. त्यांना वाईट वाटलंच, पण ऐकायला गोडही लागत होतं.

सकाळी ऋतिका आवरून बाहेर आली, तर सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभ्या.

"चाल लवकर. मी मांगच्या बाकावर बसीन," त्या म्हणाल्या. "मले काही इचारू नको. मी फक्त ऐकीन."